रोजच्या गाडीला कोणते शॉकअप, कोणत्या स्प्रिंगा?

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी परत आणायला गेलं, की बिलाबरोबर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "साहेब, शॉकअप गेलेत, चारही बदलून घ्या." मग चौकशी सुरू होते. शोरूम एक आकडा सांगतं, नेहमीचा मेकॅनिक त्याच्या निम्मा, स्पेअर पार्टच्या दुकानात तिसराच. त्यात गाड्यांचं वेड असलेला एखादा भाचा म्हणतो, "मामा, बदलतोच आहेस तर स्पोर्ट्सचे टाक, गाडी रस्त्याला चिकटून चालेल बघ." यांपैकी कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. पण तुमची गाडी रोज कोणत्या रस्त्यानं जाते, तिच्यात किती माणसं बसतात आणि डिकीत काय असतं, याची चौकशी यांतल्या कुणीच केलेली नसते. निवड तर नेमकी त्यावरच ठरते.

थोडक्यात सांगायचं तर रोज ऑफिसला, शाळेत, बाजारात आणि सणावाराला गावी जाणाऱ्या गाडीला कंपनीनं दिलेल्याच ताकदीच्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे, चांगल्या प्रतीचे साधे शॉकअप हेच बहुतेक वेळा योग्य ठरतं. जास्तीचे पैसे घालायचेच असतील, तर ते कडक मालावर न घालता शॉकअपभोवतीच्या रबरी भागांवर आणि नीट फिटिंगवर घालावेत. असं का, आणि याला अपवाद कोणते, ते क्रमानं पाहू.

कुणाचं काम काय

गाडीचं वजन उचलते ती स्प्रिंग, शॉकअप नव्हे. एवढं पक्कं डोक्यात बसलं तरी निम्मे गैरसमज मिटतात. मागून बसलेली गाडी नवे शॉकअप टाकून वर येत नाही. उलट स्प्रिंग ठणठणीत आहे, पण गाडी उसळी मारते, तेव्हा नव्या स्प्रिंगेनं काही साधत नाही.

खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते आणि दबलेली ऊर्जा परत टाकते. तिला मोकळं सोडलं, तर झोका दिलेल्या झोपाळ्यासारखी गाडी वर-खाली होतच राहील. जमिनीला पाय टेकवून तो झोपाळा थांबवणारा गडी म्हणजे शॉकअप. त्याच्या आत तेल असतं. दांड्याच्या टोकाचा पिस्टन तेलातून सरकतो, पिस्टनमधल्या बारीक व्हॉल्व्हमधून तेल जोरानं ढकललं जातं आणि हालचालीतली ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून बराच वेळ चालून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो, तो त्यामुळेच. चारांपैकी एकच थंडगार लागत असेल, तर तो काम करत नाही असा दाट संशय घ्यावा. हात लावताना मात्र जपून. ब्रेक आणि सायलेन्सर जवळच असतात.

साध्या प्रवासी गाडीची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली व्हावी, अशा बेतानं तिच्या स्प्रिंगा ठरवलेल्या असतात. हा वेग माणसाला सोसतो. उभ्या दिशेचे हादरे शरीराला सर्वांत जास्त जाणवतात ते सेकंदाला चार ते आठ या वेगाचे. स्प्रिंग आणि शॉकअप गरजेपेक्षा कडक केले, की रस्त्याचा बारीक खरखरीतपणा नेमका या पट्ट्यात येऊन मणक्यापर्यंत पोचतो. गुळगुळीत एक्स्प्रेसवेवर छान वाटलेली 'स्पोर्टी' गाडी पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत नकोशी होते, त्याचं कारण हेच.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग, वर माउंट आणि बेअरिंग, आत रबरी किंवा फोमचा बफर, आणि या सगळ्यावर धूळ अडवणारं बूट. मागे बहुधा शॉकअप वेगळा आणि स्प्रिंग वेगळी. म्हणून मागचं काम स्वस्तात आणि लवकर होतं, पुढच्याला वेळही लागतो आणि कसबही. बोलेरोसारख्या गाड्यांना मागे पाटे असतात. तिथे कॉइल स्प्रिंगेचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत.

आधी निदान

खडखड आवाज आला की शॉकअपवर खापर फुटतं. खरं तर खराब रस्त्यावर हळू चालताना येणारी बारीक कटकट बऱ्याचदा लिंक रॉडची असते. स्टिअरिंग जागच्या जागी वळवताना 'टंग' असा आवाज आला किंवा स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटली, तर वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग तपासायला हवं. ब्रेक मारताना किंवा गाडी सुटताना येणारा धप् आवाज लोअर आर्मच्या बुशकडे बोट दाखवतो. हे भाग शॉकअपच्या मानानं स्वस्त असतात. त्यांची तपासणी न करता शॉकअप बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

शॉकअप खरोखर गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात. स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी एकदा बसून थांबण्याऐवजी आणखी दोन-तीन हेलकावे खाते. ब्रेक दाबला की नाक खाली घालते. घाटातल्या वळणावर बॉडी उशिरा कलते आणि उशिरा सावरते. टायरवर हात फिरवला तर गोलाईत ठरावीक अंतरानं उंच-सखल चकत्या लागतात. शॉकअपच्या अंगावर तेल दिसणं ही सर्वांत उघड खूण, पण तिथेही फरक करावा. वरच्या बाजूला ओलसर धुरकट थर दिसणं नेहमीचंच. दांड्याच्या सीलमधून थोडं तेल बाहेर येतच असतं. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल, त्यावर चिखल चिकटून काळी खपली धरली असेल, तर मात्र तो शॉकअप संपला. बोनेटवर जोर देऊन गाडी हलवून बघण्याची जुनी युक्ती पूर्ण मेलेला शॉकअप पकडते; निम्मा थकलेला त्यात पास होऊन जातो.

अनेक उत्पादक दर २०,००० किलोमीटरला तपासणी आणि ८०,००० च्या सुमारास बदल सुचवतात. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर ही वेळ अलीकडे येऊ शकते, आणि महामार्गावर सांभाळून चालवलेल्या गाडीत पलीकडेही जाते. आकड्यापेक्षा खुणा महत्त्वाच्या.

आणखी दोन गोष्टी आधीच तपासून टाका. पहिली म्हणजे टायरमधली हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या दाबापेक्षा पाच-सात पीएसआय जास्त भरलेली हवा चांगल्या गाडीलाही दगड करते. दुसरी म्हणजे बदललेली चाकं. १४ इंचांच्या जागी १६ इंचांचे अलॉय घातले, की टायरची उंची कमी होते आणि तिचा मऊपणाही जातो. तो दोष कुठलाच शॉकअप भरून काढत नाही.

स्प्रिंग: मोजा, मग ठरवा

स्प्रिंग बसली आहे का, हे डोळ्यांवर सोडू नका, टेपनं मोजा. गाडी सपाट फरशीवर उभी करा, हवा बरोबर भरा, डिकी रिकामी करा. चाकाच्या बरोबर मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना घ्या आणि लिहून ठेवा. असं मोजल्यानं टायरची झीज हिशेबात येत नाही. डाव्या-उजव्यात एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा. तो १०-१५ मिलिमीटरच्या पुढे गेला, तर कमी भरलेल्या बाजूची स्प्रिंग बसली असेल किंवा तुटली असेल.

तुटलेली स्प्रिंग पुष्कळदा ध्यानातच येत नाही, कारण ती बहुधा सगळ्यात खालच्या वेढ्यात तुटते. तिथे दगड लागून रंग उडतो, चिखल साचतो, पावसाळाभर ओल राहते आणि गंज आत शिरतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. टॉर्च घेऊन स्प्रिंगेचं खालचं टोक बघा. ते गोल, कापलेलं दिसण्याऐवजी खडबडीत, चमकदार मोडलेलं दिसलं, तर गाडी तशी चालवू नका. तुटका तुकडा टायरला लागू शकतो.

उंची बरोबर आहे, गंज खोल नाही, वेढे शाबूत आहेत, तर शॉकअप बदलताना जुन्याच स्प्रिंगा ठेवायला हरकत नाही. स्प्रिंग वयानं थोडी बसते, पण तिचा कडकपणा फारसा बदलत नाही. गाडी लाखाच्या पुढे गेली असेल आणि माप खाली आलं असेल, तर मात्र शॉकअपबरोबरच स्प्रिंगाही बदलून घ्याव्यात. पुढचा स्ट्रट एकदा उघडला की मजुरी तीच पडते.

नव्या स्प्रिंगा घेताना 'जरा जाड तारेच्या द्या' असं म्हणण्याचा मोह आवरा. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार, म्हणजे बघायला जेमतेम एक मिलिमीटर. बाकी सगळं तेच ठेवलं तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक झाली. तिला आवरण्याचं काम जुन्याच व्हॉल्व्हिंगच्या शॉकअपवर पडतं. तो उसळी रोखू शकत नाही आणि लवकर थकतो.

गाडी खाली आणायला वेढे कापून घेणं याहून वाईट. काम करणाऱ्या पाच वेढ्यांतला एक कापला, की स्प्रिंग २५ टक्के कडक होते, आखूड होते, आणि कापलेलं टोक खाचेत नीट बसत नाही. चाक लटकलं की ती जागची सरकू शकते. वेढ्यांच्या मध्ये घुसवायचे रबरी बफर बाजारात मिळतात आणि 'गाडी वर येते' म्हणून विकले जातात. ते एखादा वेढा कामातून बाद करतात. सुरुवातीला गाडी टणक वाटते, पण उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो आणि रबर घासून रंग उडालेल्या जागी गंज धरतो. डिकीत कायम वजन असेल, तर त्याचा उपाय योग्य स्प्रिंग हाच आहे.

सीएनजीची गाडी, भरलेली गाडी

इथे खरा अपवाद येतो. ६० लिटर पाणीक्षमतेची पोलादी सीएनजी टाकी म्हणजे साधारण ६० किलोच्या आसपास वजन, वर आठ-नऊ किलो गॅस; तेही कायम, मागच्या चाकांवर. मागच्या सीटवर एक माणूस बारा महिने बसवून ठेवल्यासारखाच हा हिशेब आहे. कंपनीतून सीएनजी बसून आलेल्या गाडीला मागच्या स्प्रिंगा पेट्रोल गाडीपेक्षा वेगळ्या असू शकतात; बदलताना पेट्रोल मॉडेलच्या घेतल्या, तर गाडी मागून बसेल. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत मूळ पेट्रोलच्याच स्प्रिंगा असतात. तिथे त्याच मॉडेलच्या कंपनी-सीएनजी आवृत्तीच्या मागच्या स्प्रिंगा लागतात का, हे भागाच्या नंबरावरून विचारून घेणं शहाणपणाचं.

भरलेल्या गाडीचंही गणित करून बघा. गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या गाडीचं आणि कमाल भरलेल्या गाडीचं वजन दिलेलं असतं. छोट्या हॅचबॅकमध्ये हा फरक साधारण चार-साडेचारशे किलोचा. पाच मोठी माणसं, प्रत्येकी ६५ किलो धरली तरी ३२५ झाली. बाहेरून बसवलेल्या टाकीचे ७० मिळवले की ३९५. गणपतीला कोकणात जाताना वरच्या कॅरिअरवरच्या बॅगा आणि तांदळाचं पोतं यासाठी जागाच उरत नाही. मग स्पीडब्रेकरला गाडी खालून घासली, की दोष शॉकअपचा ठरतो. वर्षातून दोन-तीनदाच असा भरणा होत असेल, तर कडक स्प्रिंगा घेऊन उरलेले दिवस हादरे सोसण्यात अर्थ नाही. सामान कमी करा. रोजच माल आणि माणसं भरून गाडी चालते, तिला मात्र उत्पादकानं जास्त भारासाठी दिलेली स्प्रिंग असेल तर ती घ्यावी आणि तिच्याशी जुळणाराच शॉकअप लावावा.

गाडी दोन-तीन इंच उचलणारे स्पेसर किंवा किट रोजच्या गाडीला लावू नयेत. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, एक्सलच्या जॉइंटचे कोन बदलतात, शॉकअप आधीच ताणलेला राहतो आणि चाक खाली जायला वाव कमी उरतो. कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. मूळ तपशिलाबरहुकूम शॉकअप-स्प्रिंगा बदलणं ही दुरुस्ती झाली. त्यापलीकडे काही करायचं असेल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

शॉकअप: कोणता घ्यावा

बाजारात मोटामोटी चार प्रकार मिळतात. पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला ओरिजिनल. दुसरा, शॉकअप बनवणाऱ्या नामवंत कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला: गॅब्रिएल, मन्रो, केवायबी वगैरे. चाकण आणि नाशिकला कारखाने असलेल्या गॅब्रिएलसारख्या कंपन्या गाड्या बनवणाऱ्यांनाही शॉकअप पुरवतात. म्हणून तुमच्या गाडीसाठी असा भाग मिळत असेल, तर तो कमीपणाचा समजू नका. तिसरा, कडक किंवा 'परफॉर्मन्स' प्रकार. चौथा, तेल भरून रंग मारलेला रिपेअरचा शॉकअप.

चौथ्यापासून लांब राहा. जुनं सील आणि झिजलेला दांडा तसाच ठेवून नळी कापायची, तेल भरायचं, वेल्डिंग करायचं आणि वर काळा रंग मारायचा, असं हे काम चालतं. आत मूळ मापाचं तेल आहे का, गॅसचा दाब आहे का, व्हॉल्व्ह शाबूत आहे का, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. दोन बाजूंचे शॉकअप सारखं काम करतील याची तर कुणीच हमी देत नाही. स्वस्तात मिळालं म्हणून घ्यावं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मजुरी भरावी, असा हा व्यवहार.

आता दुहेरी नळी की एकेरी नळी? रोजच्या बहुतेक गाड्यांत दुहेरी नळीचा शॉकअप असतो: आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत तेलाचा साठा. त्यात कमी दाबाचा नायट्रोजन भरला, की सतत खड्डे लागले तरी तेलाला फेस कमी येतो. असा गॅसवाला दुहेरी नळीचा शॉकअप आपल्या रस्त्यांना चांगला. एकेरी नळीत तेल आणि गॅस तरत्या पिस्टननं वेगळे ठेवलेले असतात आणि गॅसचा दाब २०-३० बारपर्यंत असतो. तो लवकर थंड होतो, घाटात आणि वेगात नेमका राहतो. पण महाग, आणि बारीक खड्ड्यांवर थोडा कडक लागतो. दगड लागून नळीला पोचा आला, तर तो कामातून जाण्याची शक्यताही जास्त, कारण पिस्टन थेट त्याच नळीत फिरतो.

पोलो किंवा ऑक्टाव्हियासारख्या युरोपीय घराण्यातल्या गाडीचे मालक बिलस्टीनकडे वळतात. तिथलं नामकरण निवडीला मदत करणारं आहे. बी४ म्हणजे ओरिजिनलच्या जागी, मूळ वागणुकीसाठी. बी६ म्हणजे मूळ उंचीच्याच स्प्रिंगेवर जास्त आवर देणारा एकेरी नळीचा. बी८ म्हणजे खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. रोजच्या गाडीला बी४ पुरतो; जो महिन्यातून अनेकदा महामार्गावर लांब पल्ले मारतो, त्याला बी६ शोभतो. कंपनी कुठलीही असली तरी हीच विभागणी मनाशी धरा: मूळ स्प्रिंगेला मूळ व्हॉल्व्हिंगचा शॉकअप, कडक स्प्रिंगेला कडक, आखूड स्प्रिंगेला आखूड. एक इथलं आणि एक तिथलं, अशी जोडी लावली की दोघांचाही उपयोग जातो.

बदलताना एका एक्सलची जोडी नेहमी एकत्र बदला. डावा नवा आणि उजवा जुना असेल, तर ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात. चारही एकदम बदलण्याची सक्ती मात्र नाही. पुढे इंजिनाचं ओझं आणि ब्रेकचा भार असल्यानं पुढची जोडी सहसा आधी जाते. मागची तपासून चांगली निघाली, तर राहू द्या.

दुकानात काय विचारायचं

'अमुक गाडीचे शॉकअप द्या' एवढ्यावर माल घेऊ नका. एकाच नावाच्या गाडीत डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं आणि पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या पडतात. मॉडेलचं वर्ष बदललं की माउंट बदलतं. चासी नंबर देऊन भागाचा नंबर काढून घ्या. जुन्या स्प्रिंगेवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा. कारखान्यात स्प्रिंगेची प्रत ओळखायला त्या खुणा मारलेल्या असतात. पुढच्या शॉकअपना डावा-उजवा फरक असतो, कारण ब्रेकच्या पाइपची आणि लिंक रॉडची पकड वेगवेगळ्या बाजूला जोडलेली असते. खोक्यावर दोन्ही बाजूंची नोंद आहे का, ते काउंटरवरच बघा.

डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे. कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून, जीएसटी बिलासह घ्या; किंमत आणि उत्पादनाचा महिना छापलेलं लेबल, होलोग्राम, वॉरंटीच्या अटी पाहा. सुटा, खोक्याशिवायचा किंवा 'हा पण त्याच फॅक्टरीचा आहे' असं सांगून दिलेला माल घेऊ नका.

त्याच वेळी ही यादी द्या: वरची माउंट आणि बेअरिंग, बफर, धुळीचं बूट, स्प्रिंगेखालची रबरं, आणि जीर्ण असतील तर लिंक रॉड. फोमचा जुना बफर हातात घेतला की बऱ्याचदा बिस्किटासारखा चुरा होतो. बफर नसला की मोठ्या खड्ड्यात शॉकअप आतल्या आत तळाला आपटतो आणि नवा व्हॉल्व्हही काही महिन्यांत खिळखिळा होतो. बूट फाटलेलं असेल, तर दांड्यावर चिखल बसतो आणि तोच चिखल सील कापतो. हे भाग न बदलता महागडा शॉकअप बसवला, तर पैसे पाण्यात गेले असं समजा.

फिटिंगच्या वेळी उभं राहून बघा

स्ट्रटची वरची नट काढण्याआधी स्प्रिंग कॉम्प्रेसरनं आवळलीच पाहिजे. कॉम्प्रेसर न लावता नट सोडली, तर दबलेली स्प्रिंग माणसाला जबर जखमी करू शकते. हे घरच्या घरी करून बघण्याचं काम नाही. चांगल्या मेकॅनिककडे तीन-चार गोष्टींवर तेवढी नजर ठेवा.

नवा दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून उघडावा लागतो. वाहतुकीत आडवा पडल्यामुळे आत शिरलेली हवा त्यानं निघते. हे न केल्यानं सुरुवातीला आवाज येतो आणि चांगला माल वाईट ठरतो. दुसरं, वरची नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून त्याला पकड लावतात, ती अजिबात लावू देऊ नका. दांड्यावर क्रोमचा गुळगुळीत थर असतो. पकडीच्या दातांचा एक ओरखडा सील फाडायला पुरतो. दांड्याच्या टोकाला ॲलन की बसण्याची खाच त्यासाठीच दिलेली असते. तिसरं, स्प्रिंगेचं टोक खालच्या ताटलीतल्या पायरीला टेकलेलं असावं, आणि स्प्रिंग उलटी बसलेली नसावी.

चौथी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित. रबरी बुश असलेले बोल्ट चाक हवेत लटकलेलं असताना पूर्ण आवळले, तर ते रबर लटकलेल्या स्थितीतच पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून असे बोल्ट हातानं लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि मग टॉर्क रेंचनं शेवटचं आवळायचं. मेकॅनिकला आधी सांगितलं तर तो करतो. नंतर सांगितलं तर चिडतो.

पुढचे स्ट्रट निघाले की चाकाचा कोन थोडा तरी बदलतोच, कारण बोल्टच्या भोकांत सूक्ष्म ढिलाई असते. त्यामुळे व्हील अलाइनमेंट हा याच कामाचा भाग. कॅम्बर आणि टो दोन्हींचा छापील अहवाल मागा. फक्त टो सेट करून सोडणारे बरेच असतात.

बसवल्यावर

पहिले काही दिवस गाडी थोडी उंच आणि टणक वाटेल. नवी स्प्रिंग आणि रबरं किंचित बसतात. पहिल्या हजार किलोमीटरनंतर बोल्ट तपासून घ्या, वर सांगितलेली चार मापं पुन्हा घेऊन लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी 'गाडी बसली' म्हणालं, की तुमच्याकडे आकडा असेल.

परीक्षा घ्यायची तर नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकर शोधा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मानकात तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरसाठी बेतलेला आहे. अशा ब्रेकरवरून त्या वेगानं जाताना बॉडी एकदा वर यावी, खाली यावी आणि थांबावी. चहाच्या टपरीपुढे गावकऱ्यांनी घातलेल्या अरुंद, धारदार उंचवट्यावर मात्र कुठलीच गाडी पास होत नाही. तिथे वेग कमी करणं हाच उपाय.

पैसे मोजकेच असतील, तर खर्चाचा क्रम असा ठेवा. टायरची हवा आणि अलाइनमेंट आधी. मग लिंक रॉड, बुश, माउंट. त्यानंतर गळका किंवा थकलेला शॉकअप, तोही जोडीनं, बफर आणि बुटासकट. स्प्रिंग तुटली असेल तर ती या सगळ्याच्या आधी. नुसती थोडी बसली असेल तर शेवटी. या यादीत स्पोर्ट्स किट कुठेच येत नाही, आणि रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला त्याची उणीवही कधी भासणार नाही.